बाई, नाक कुठंय ते बघा

ड्रोनची मोटर हातानं फिरवली की कर्र कर्र वाजायची, म्हणून चिमट्यानं आत कोरलं तर ज्वारीचा फुटका दाणा निघाला. गुलाबी. मग अजून अर्धा दाणा, मग चमकीचा एक कण, आणि मागच्या मोटरीत गुलाबाच्या पाकळीचं वाळून काळं झालेलं साल. अक्षता होत्या त्या! आमच्या खटाव-माण भागात अजूनही बऱ्याच लग्नांत तांदूळ नाही, ज्वारीच रंगवतात अक्षतांना. हे यंत्र पंख्यांच्या वरची हवा ओढून खाली फेकतं, त्यामुळं कुठल्यातरी मांडवावर मंगलाष्टकं चालू असताना ते जरा जास्तच खाली आलं असणार आणि नवरा-नवरीच्या वाटणीचं थोडं ह्याच्या पोटात गेलं. मी ते दाणे टाकून दिले नाहीत, स्क्रूच्या डबीतच ठेवलेत, का ते माहीत नाही.

ड्रोन माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा. तो लग्नाची शूटिंग करतो, बैलगाडा शर्यती करतो, आता त्याच्याकडं नवीन मशीन आहे आणि हे जुनं फँटम ३ स्टँडर्ड त्याच्या माळ्यावर थर्माकोलच्या पेटीत पडून होतं. २०१५ सालचं मॉडेल, कंपनीनं कधीच बंद केलेलं. "बाई, उडत नाय पण मेलेलं पण नाय," असं त्यानं वर्णन केलं, आणि ह्यापेक्षा अचूक वर्णन नंतर मलाही जमलं नाही. नऊ हजाराला घेतलं. तो पैसे घ्यायला तयार नव्हता, मी म्हटलं फुकट घेतलं तर तुला रात्री अकराला फोन करायला मला लाज वाटेल, मग घेतले. आणि पुढचे चार महिने मी रात्री अकराला फोन केले.

का घेतलं हे घरात सगळ्यांनी विचारून झालंय. मी बावीस वर्षं भूगोल शिकवते. फळ्यावर नकाशा टांगायचा, वर उत्तर, खाली दक्षिण, पट्टी घेऊन नद्या दाखवायच्या. एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा पोरांना समजावताना मी नेहमी आमच्या रानाचं उदाहरण देते, की बघा, आमचं रान चारशे फूट लांब आहे, ह्या नकाशावर ते अडीच मिलिमीटर होणार, म्हणजे तुमच्या पेन्सिलीच्या टोकाखाली आमचं अख्खं घरदार, विहीर, भाऊबंदकी सगळं बसतं. पोरं हसतात. पण ते रान वरनं मी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. सॅटेलाइटचा फोटो बघितलाय, तो कुठल्या साली, कुठल्या महिन्यात काढलाय कळत नाही, रान कायम तेच एक तपकिरी. मला ते हिरवं असताना, पिवळं असताना बघायचं होतं. कारण म्हणून एवढंच, आणि ते घरच्यांना अजून पटलेलं नाही.

बॅटऱ्या दोन मिळाल्या, त्यातली एक फुगलेली. लिथियम पॉलिमरची बॅटरी फुगली की ती संपली, चार्ज करून बघू का, टाचणीनं हवा काढू का असला विचारसुद्धा करायचा नाही, आत साठलेला वायू आणि त्याच्या शेजारी पेट घ्यायला टपलेला माल असतो. मी ती अंगणात वाळूच्या बादलीत ठेवली आणि रविवारी ई-कचऱ्यात देऊन आले. दुसरी ४४८० एमएएचची, आत चार सेल, ॲपमध्ये प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं दिसतं. नवीन असताना एका चार्जवर पंचवीस मिनिटं उडायचं म्हणे, आता चौदा धरा, आणि मी दहाव्या मिनिटाला उतरवते. चार सेलमधला एक जरा मागं राहतो. वर्गात पण असतो एक, बाकीच्या तिघांनी कितीही जोर लावला तरी बॅटरी त्या चौथ्याच्या हिशोबानं चालते, म्हणून ॲपमधली बॅटरीची पट्टी बघायची नाही, त्या चौथ्याचा आकडा बघायचा.

खरा आजार कॅमेऱ्याचा होता. तीन बारक्या मोटरींच्या ज्या हातावर कॅमेरा लटकतो त्याला गिंबल म्हणतात, आणि त्या हाताच्या आतनं एक चपटी रिबन वायर वळणं घेत जाते. ड्रोन आपटला की आधी ती फाटते. माझीही फाटलेली. यूट्यूबवर बघून वाटलं सोपं आहे. नाही सोपं. बोटाच्या पेरापेक्षा बारीक कनेक्टर, त्याचं झाकण नखानं उचलायचं, आणि माझा चष्मा दोन नंबरांचा. पहिली रिबन बसवताना मीच फाडली, दुसरी मागवली, ती आठ दिवसांनी आली, आणि मग शहाण्या माणसासारखी बसस्टँडजवळच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडं गेले. त्यानं भिंगाखाली धरून वीस मिनिटांत बसवली. त्यानं दोनशे रुपये मागितले तेव्हा मला माझ्या दोन रविवारांची किंमत कळली.

बाकी बारीकसारीक. मोटरीजवळ प्लॅस्टिकला केसासारख्या चिरा पडलेल्या, ह्या मॉडेलला त्या पडतातच, त्यात ॲरल्डाइट भरलं. मोटरीतल्या चुंबकाला मातीतला लोखंडाचा कीस चिकटून बसतो, काळ्या रानात चार वेळा उतरवलं तरी किती निघतो म्हणून सांगू, तो ब्रशनं काढला. जुनं ॲप माझ्या नवीन फोनवर धड चालेना, मग कपाटातनं धाकट्याचा टाकून दिलेला फोन काढला, त्याच्यावर ते असं चाललं की जणू दोघं एकमेकांची वाट बघत होते.

कागदांचं पण सांगते, कारण हे कुणी विचारत नाही, डायरेक्ट "कासला उडवला का?" एवढंच विचारतात. नाही उडवला, ते पठार जागतिक वारशात आहे, असं उठलं आणि उडवलं चालत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, तिथनं २ किलोपर्यंत मायक्रो. माझा १२१६ ग्रॅम, म्हणजे मायक्रो. हौसेनं उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण ड्रोनला स्वतःचा नोंदणी नंबर लागतो. विद्यार्थ्यानं तो वेळेत काढून ठेवलेला, म्हणूनच मी घेतला, नाहीतर नऊ हजाराची शोभेची वस्तू झाली असती. मग नाव बदलायचा फॉर्म, विमा, सरकारच्या ड्रोन नकाशावर आपलं रान हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघणं, हिरव्यात १२० मीटरपर्यंत मुभा. नकाशावर आमचं गाव हिरवंगार दिसलं. खटाव तालुका हिरवागार दिसण्याची ती एकच जागा असेल.

पहिलं उड्डाण मी हॉलमध्ये करायला गेले. का? कारण बाहेर लोक बघतात म्हणून! रिमोटच्या दोन्ही काड्या खाली आत ओढल्या की मोटरी चालू होतात, झाल्या, कॅलेंडर उडालं, पडदे उडाले, मी थोडं वर उचललं आणि ते आपलं आपण टीव्हीकडं सरकायला लागलं, मी काही केलेलं नसताना. असं धपकन खाली आणलं. रात्री अकराला फोन. तेव्हा कळलं की ह्या मॉडेलला पोटाखाली जमीन बघायचे सेन्सर नाहीत, ते हवेत एका जागी उभं राहतं ते फक्त वरच्या उपग्रहांच्या भरवशावर, आणि स्लॅबखाली उपग्रह दिसत नाहीत. मला वाटायचं उडणं हे काम आणि थांबणं म्हणजे आराम. उलटं आहे. बाहेर मोकळ्यावर ते शांत तरंगताना दिसतं ना, तेव्हा चारी मोटरी सेकंदाला कितीतरी वेळा कमी-जास्त होत वाऱ्याशी भांडत असतात, आपल्याला फक्त घूं ऐकू येतं.

मग होकायंत्र जुळवणं. ड्रोन आडवा धरून स्वतःभोवती एक गिरकी, मग नाक खाली करून परत एक गिरकी. जवळ लोखंड नको, म्हणून पत्र्याच्या शेडपासनं लांब, किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवून मी गावाकडच्या अंगणाच्या मधोमध गिरक्या घेतेय आणि ओट्यावर आण्णा बसलेत, माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वय. म्हणाले, "ओवाळतीयास काय त्येला?"

शिकवायला विद्यार्थी स्वतः आला, दिवाळीच्या सुट्टीत, मोटारसायकलवर. खळ्यावर चुन्याचा गोल काढला, मधे पोतं अंथरलं, नाहीतर माती उडते. डाव्या काडीनं वर-खाली आणि जागेवर वळणं, उजवीनं पुढं-मागं, डावी-उजवी. "बाई, अंगठे सैल सोडा, स्टेरिंग नाय ते." पहिले दोन दिवस फक्त वर न्यायचं, डोक्याइतकं, थांबायचं, उतरवायचं. उतरवताना सरळ खाली घाईनं आणायचं नाही, आपल्याच पंख्यांनी ढकललेल्या खवळलेल्या हवेत ते सापडतं आणि डुगडुगतं, मग कितीही वर ओढा, धरत नाही. थोडं पुढं सरकत सरकत आणायचं. तिसऱ्या दिवशी चौकोन मारायला लावला. जाताना मस्त गेलं. परत येताना नाक माझ्याकडं झालं आणि सगळं संपलं.

ज्यांनी कधी उडवला नाही त्यांना सांगते. ड्रोनचं डावं-उजवं त्याचं स्वतःचं असतं. तो तुमच्याकडं पाठ करून असेल तर तुमचं आणि त्याचं डावं एकच. त्यानं तोंड फिरवलं की तुमचं डावं ते त्याचं उजवं. हे वाचायला पहिलीच्या पुस्तकासारखं वाटतं, पण समोर बाभळ आहे, ड्रोन तिच्याकडं सरकतोय, आणि तुम्ही जिवाच्या आकांतानं काडी डावीकडं दाबताय आणि तो आणखीच जोरात बाभळीकडं जातोय, तेव्हा डोकं नाही चालत, हात चालतो, आणि हात बावीस वर्षं एकाच बाजूनं नकाशा बघत आलाय.

बाभळीनं दोन पंखे खाल्ले आणि गिंबलचे रबर निखळले. मी चुन्याच्या गोलात मटकन बसले. पोरगं पळत जाऊन ड्रोन घेऊन आलं, काटे काढत काढत हसत होतं. म्हणालं, "बाई, काडी दाबायच्या आधी नाक कुठंय ते बघा. पुढं लाल दिवे, मागं हिरवे. तुम्हीच नाय का म्हणायच्या, नकाशा हातात घेतला की आधी उत्तर कुठंय ते बघा?" म्हणायचे खरी. आठवीत त्याला त्यावरनं एकदा बाकावर उभं पण केलेलं, हे त्यानं काढलं नाही, पण मला आठवलं. मग त्यानं एक युक्ती सांगितली, ड्रोनचं नाक जिकडं तिकडंच आपलं पण तोंड करायचं, आणि मान मागं वळवून खांद्यावरनं त्याच्याकडं बघायचं. पुढचे पंधरा दिवस मी रानात ड्रोनकडं पाठ करून उडवत होते. बांधावरनं जाणारी माणसं थांबून बघायची. त्याच वर्षी, २०२४ च्या पावसाळ्यात, पुणे, बीड जिल्ह्यांतल्या गावांवर रात्रीचे ड्रोन फिरतात, चोर घरं हेरतात अशी आवई उठून लोक पहाऱ्याला बसलेले, आमच्याकडं पण व्हॉट्सॲपवर ते सगळं येऊन गेलेलं. पण ड्रोनकडं पाठ करून उभी असलेली मास्तरीण बघून कुणाला भीती वाटली नाही, कीव आली असेल.

आता बांधाचं.

आमच्या आणि बापूकाकांच्या रानामधे एक बांध आहे. आण्णा आणि ते सख्खे भाऊ, पंधरा वर्षं बोलत नाहीत. आण्णांचं म्हणणं, बापूनं नांगरताना दरसाल वीतभर कोरत बांध आमच्यात ढकलला. बापूकाकांचं म्हणणं हेच, फक्त नावं उलटी. चारशे फुटाचा बांध, त्यातला दोन फुटाचा पट्टा धरला तरी आठशे चौरस फूट, म्हणजे अख्खा गुंठासुद्धा नाही, गुंठा १०८९ चौरस फुटांचा. मोजणी कुणीच आणली नाही. मोजणी आणली की भाऊ म्हणून संपलं, असं दोघंही मानतात, बहुतेक हे एकच त्यांचं एकमत. गावठाणाची मोजणी झाली स्वामित्व योजनेत, तेव्हा सरकारचा ड्रोन आलेला, घरांच्या हद्दीला चुना टाकलेला, तेव्हा दोघंही आपापल्या ओट्यावरनं वर बघत बसलेले. पण ते घरांचं, रानाचं नाही.

साहजिक, माझा ड्रोन बघून पहिला कोण आला असेल तर बापूकाकांचा थोरला. "ताई, बांधावरनं एक फोटो काढ की सरळ. वरनं सगळं दिसतंय." मी त्याला शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं की असं नसतं, तीस मीटरवरनं एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा साधारण सव्वा सेंटिमीटर हे खरं, पण भिंग रुंद आहे, कडेच्या रेघा वाकतात, ड्रोन जरा कलला तरी माप चुकतं, फोटो म्हणजे मोजणी नव्हे. तो "बरं" म्हणाला आणि गेला. सगळं खरंच सांगितलेलं. तरी तो गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं.

जानेवारीच्या शेवटी शाळू पिवळा पडायला लागला. सकाळी साडेसातला उडवलं, ऊन तिरपं, वारा नाही. आता नाक कुठंही असलं तरी अंगठा आपोआप फिरत होता, कधी जमलं ते कळलं पण नाही. मधे एक कोतवाल पक्षी येऊन ड्रोनच्या मागं लागला, घारीच्या मागं लागतात तसा, दोन झडपा मारून निघून गेला. मी ऐंशी मीटरवर नेलं, कॅमेरा सरळ खाली केला आणि स्क्रीनवर आमचं रान आलं, पहिल्यांदाच असं, पिवळ्यात हिरवं राहिलेलं, सऱ्यांच्या रेघा, विहिरीचा काळा ठिपका.

आणि एक रेघ.

आमच्या शाळवात, बांधाला धरून, पण बांधापासनं दीड-दोन हात आत. फिकट, जवळजवळ पांढरी, बांधाला समांतर, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. खाली जाऊन बघितलं तर काही नाही, ताटं जरा बुटकी, एवढंच, तिथं उभं राहून कुणाच्या बापाला दिसलं नसतं. हे कशानं होतं ते मी शिकवते. जिथं वर्षानुवर्षं माती दबलेली असते, दगड असतात, तिथं ओल कमी धरते, मुळं खोल जात नाहीत, पीक आधी वाळतं. गाडलेल्या भिंती, जुने रस्ते असेच विमानातनं सापडतात. पंधरा-वीस दिवस दिसतं, मग पीक निघालं की गेलं.

दबलेली माती, दगड. बांधाएवढी रुंद. आमच्या बाजूला.

आण्णांना फोन दाखवला. मी काही बोलले नाही. त्यांनी आधी विचारलं, "हे वरचं अंग कंचं?" बरोबर विचारलं, कारण फोटो काढताना नाक दक्षिणेला होतं, सगळं उलटं दिसत होतं. त्यांनी फोनच फिरवला. एकदा, परत एकदा. अंगठ्यानं मोठं करायला मी शिकवलेलं, तसं मोठं केलं. बराच वेळ बघत होते. बाहेर कुणीतरी म्हैस हाकत गेलं, ते संपेपर्यंत.

"पाट हाय त्यो," म्हणाले. "मोटंचा. जुना."

मोटेची विहीर खालच्या अंगाला आहे. पाणी तिथनं त्या रेघेवर यायला चढ चढावा लागेल. मी हे बोलले नाही. आण्णांनी त्या विहिरीवर स्वतः मोट हाकलेली आहे, त्यांना उतार मी शिकवायचा?

फोन परत देताना म्हणाले, "काढून टाक त्यो फोटू. उगं मेमरी भरती."

काढला. त्यांच्यासमोरच काढला, दाखवून. पण ह्या ड्रोनचं असं आहे की फोनमध्ये येते ती छोटी नक्कल असते, फक्त बघायपुरती. खरा फोटो, चार हजार बाय तीन हजार, ड्रोनच्या पोटातल्या कार्डावर राहतो, आणि ते कार्ड मी त्या दिवशी काढून स्क्रूच्या डबीत ठेवलंय, अक्षतांजवळ. शाळू आता निघालाय.